आंदणाचं कासव

सोनईच्या पुढे रस्ता डांबरी राहत नाही, तिथून आत एका वस्तीवर गाय अडली होती. मी गुरांची डॉक्टर. या तालुक्यात बदली होऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वासराचा एक पाय आत दुमडला होता. तो सरळ करून वासरू बाहेर काढेपर्यंत माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत भरले. वासरू जगलं, गायही उठून उभी राहिली. घरातली म्हातारी साबणाची वडी आणि बादली घेऊन मला विहिरीवर घेऊन गेली.

विहीर दगडी बांधणीची, जुनी. एका अंगानं अर्ध्यापर्यंत पायऱ्या उतरत होत्या. मी पायरीवर बसून कोपरं घासत होते आणि सहज खाली पाहिलं, तर हिरव्या पाण्यावर दोन भोकं दिसली. बारीक, एकमेकांना चिकटलेली. क्षणभर मला साप वाटला. मग त्या भोकांमागून एक लांब नळीसारखं नाक वर आलं, त्यामागे बसकं डोकं आणि पाण्याखाली थाळ्याएवढी, नाही, परातीएवढी काळसर हिरवी पाठ.

म्हातारीनं ओच्यातून भाकरीचा तुकडा काढला, कुस्करला आणि पाण्यात टाकला. डोकं वळलं. मान केवढी लांब निघाली! तुकडा गेला आणि पाणी पुन्हा जसंच्या तसं.

"माझं आंदन हाय ते," म्हातारी म्हणाली.

तिची गोष्ट तिनं मला त्या दिवशी आणि पुढे अनेकदा सांगितली. तिचं माहेर गंगथडीचं. इकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. ती लग्न होऊन इथं आली त्याच साली या विहिरीला पाणी लागलं होतं. नव्या विहिरीत कासव सोडलं की पाणी निर्मळ राहतं, असं सगळेच मानायचे. तिच्या भावानं गंगेतून एक पिल्लू धरलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून बहिणीच्या सासरी आणून सोडलं. लग्नात भांडीकुंडी फारशी देता आली नव्हती, म्हणून हे आंदण. तेव्हा त्याच्या पाठीवर चार गोल ठिपके होते, डोळ्यांसारखे. भाऊ आता नाही. नवराही गेला. माहेरचं जुनं गाव तर त्याच्याही आधी धरणाच्या फुगवट्यात गेलं आणि माणसं वर माळावर नव्या गावठाणात बसली. कासव मात्र राहिलं.

मी निघताना तिनं मला एक गोष्ट बजावली. कुणाला सांगू नका. मागे एकदा गाडीतून काही माणसं आली होती. कासव द्या, मोबदला देतो म्हणाली. कसली तरी पूजा करायची होती, पैशाचा पाऊस पाडायचा होता. तिनं त्यांना विहिरीत कासव नाहीच म्हणून परत पाठवलं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. खरं तर सांगण्यासारखं मला काही वाटलंही नव्हतं. कासव म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर देवळातलं दगडी कासव यायचं. त्याच्या पाठीला हात लावायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि पुढे पिंडीकडे जायचं. जिवंत कासवाबद्दल मला शिक्षणातही कुणी काही शिकवलं नव्हतं. आमची पुस्तकं गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्यापाशी संपायची.

पावसाळा सरल्यावर एक मुलगी दवाखान्यात आली. सांगलीकडची, विशी ओलांडून पाच-सहा वर्षं झालेली, उन्हानं रापलेली. एका जनावराचा शोध घेतेय म्हणाली आणि मोबाईलमधला फोटो पुढे केला. नळीसारखं नाक, बसकं डोकं, कातड्याची मऊ पाठ. मी फोटो ओळखला, पण विहिरीचं नाव काढलं नाही.

तिनं सांगितलं ते असं. या कासवाच्या पाठीला कठीण कवच नसतं, चामड्यासारखी कातडी असते. ते फक्त आपल्या दक्षिणेकडच्या नद्यांत आहे, जगात इतर कुठंही नाही. एके काळी गोदावरी, भीमा, मुळा, प्रवरा, सगळीकडे होतं. आता कुठं उरलंय ते कुणालाच नीट माहीत नाही, आणि तेच शोधायला ती गावोगाव फिरत होती. कर्जतकडे भीमेच्या काठानं फिरून आली होती. मुळेचा काठ झाला होता. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकलं होतं, "पूर्वी लई हुती." म्हातारी माणसं हात पसरून आकार दाखवायची. मधल्या वयाची माणसं म्हणायची, लहानपणी पाहिलं होतं. आणि तरुण पोरं फोटो बघून विचारायची, हे आपल्याकडचं आहे का?

तिच्या मोबाईलमध्ये नकाशा होता. लोकांनी पाहिल्याचं सांगितलेली ठिकाणं पिवळी, तिनं स्वतः पाहिलेली हिरवी. पिवळ्या ठिपक्यांनी नद्या भरून गेल्या होत्या. हिरवा ठिपका शोधायला मला नकाशा मोठा करावा लागला.

म्हातारीला न विचारता काही बोलायचं नाही एवढं मी ठरवलं. पुढच्या खेपेला वस्तीवर गेले तेव्हा विचारलं. मावशी, अशी अशी एक मुलगी आहे, फक्त बघेल. मावशींनी शेणाचा हात न थांबवता सांगितलं, "न्हाई." मी विषय तिथंच सोडला. मुलीलाही सांगितलं नाही. पण तिच्याबरोबर रविवारी नदीवर जायला लागले. कशासाठी, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. कदाचित जे मी रोज झाकून ठेवत होते ते बाहेर किती उरलंय, हे मला बघायचं होतं.

आम्ही तिच्या दुचाकीवरून जायचो. प्रवरा गंगेला मिळते तिथून वर आणि खाली, दोन्ही अंगांनी. काठावर ऊस अगदी पाण्याला टेकलेला. जिथं वाळूची बेटं होती असं लोक सांगायचे तिथं आता खड्डे होते आणि खड्ड्यांत साचलेलं पाणी. मुलगी म्हणायची, या कासवाला अंडी घालायला वाळू लागते, ऊन खायला उघडा काठ लागतो. वाळू गेली की मादी फिरत राहते, आणि कुठं तरी चिखलात, गवतात अंडी घालते. धरणातून पाणी सोडलं की तीही बुडतात. मी ऐकत असे. गाय गाभण राहत नाही म्हणून येणाऱ्या माणसाला मी अशीच एकेक कारणं सांगते, आणि त्याचा चेहरा पडत जातो. आता माझी पाळी होती.

एका डोहाजवळ एक भोई कुटुंब राहत होतं. नवरा फारसा बोलायचा नाही. बायको बोलायची. पन्नाशीतली, उंच, मासे निवडताना हात विजेसारखे चालायचे. मुलीनं तिला फोटो दाखवला तेव्हा तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "आमी खाल्ली की ही. खोटं कशाला बोलू?"

मुलीनं मान हलवली. ती रागावली नाही. मला ते आवडलं. मग बाई मोकळेपणानं बोलू लागली. तिच्या सासऱ्याच्या काळी गळाच्या दोरीला कासव लागलं की घरात सण असायचा. पण ते लोक बारकं सोडून द्यायचे, आणि अंडी उकरलेली वाळू पुन्हा सारखी करायचे. मग वाळूच्या गाड्या आल्या. पुढे पाण्याला वास यायला लागला, उन्हाळ्यात कधी मळीसारखा काळा लोंढा यायचा आणि मासे पांढरी पोटं वर करून तरंगायचे. शेवटचं कासव तिनं गेल्या वर्षी पाहिलं होतं, जाळ्यात आलेलं. नवऱ्यानं ते सोडून दिलं. का सोडलं, असं मुलीनं विचारलं. बाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जाळं विणता विणता म्हणाला, एकटंच होतं म्हणून.

परत आल्यावर दवाखान्यासमोर मला उतरवताना मुलगी म्हणाली की हा तिचा दुसरा हिरवा ठिपका होऊ शकतो, पण ती तो मांडणार नाही, कारण तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

उन्हाळा आला तो आधीच्या उन्हाळ्यापेक्षा कडक. वस्तीवरच्या विहिरीनं तळ दाखवला. मावशींच्या मुलानं विहीर खोल करायची ठरवली. दगड-माती वर ओढायची यारी ठरवली, सुरुंगाची माणसं ठरवली. हा मुलगा चाळिशीचा, कष्टाळू, आईपुढे शब्द न बोलणारा. त्याचाच फोन आला. "मॅडम, आई जेवत नाही. तुम्ही एकदा या."

मी गेले तेव्हा विहिरीवर यारी उभी होती आणि मावशी पायऱ्यांच्या तोंडाशी बसल्या होत्या. कामाची माणसं बाभळीखाली बसून राहिलेली. खाली गुडघाभर पाणी, बाकी चिखल. सुरुंग लावायचा तर कासव बाहेर काढलंच पाहिजे, यावर कुणाचं दुमत नव्हतं. प्रश्न पुढचा होता. मुलगा म्हणत होता शेजारच्या विहिरीत सोडू. शेजाऱ्याची विहीर सिमेंटच्या कड्यांची, अरुंद, टेकायला पायरी नाही, दगड नाही. मावशींना ते पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

मी त्यांच्याजवळ बसले. ती मुलगी अजून इथंच आहे, असं सांगितलं. तिला या जनावराची समज आहे. ती नेणार नाही, फक्त काय करावं ते सांगेल. आणि हेही सांगितलं की कायद्यानं वनखात्याला कळवावं लागेल, आता ते लपवता येणार नाही.

मावशींनी खाली चिखलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमी संगं ऱ्हाताल का?"

"राहीन."

"मंग बोलवा."

मुलगी तासाभरात आली. विहिरीच्या काठावरून तिनं खाली पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मला हे आधीपासून माहीत होतं हे तिच्या लक्षात आलं. तिनं त्याबद्दल काही विचारलं नाही, पुढेही कधी नाही. सुरुंगाच्या दोन माणसांना तिनं समजावलं की मागून धरायचं, तोंडाकडे हात न्यायचा नाही, मान पाठीवरून मागे वळते आणि चावा हाडापर्यंत जातो. ती माणसं हसली. पण चिखलात काठीनं चाचपडताना कासवानं काठीला तोंड घातलं आणि काठी सोडेचना, तेव्हा हसू थांबलं. शेवटी घमेल्यात ओलं पोतं टाकून, वरून दुसरं पोतं पांघरून यारीनं वर घेतलं.

उजेडात पहिल्यांदाच मी ते नीट पाहिलं. मादी होती. पाठीवरचे ठिपके केव्हाच विरून गेले होते, पण मावशींनी बोटानं हवेतच दाखवलं, हितं हितं हुते. कातडी ठिकठिकाणी फिकट, पोटाखाली बुरशीचे पांढरे चट्टे, नखं वाढून वळलेली. ऊन नाही, वाळू नाही, फिरायला काठ नाही. बाकी अंगानं भरलेली होती. वनखात्याचे साहेब संध्याकाळपर्यंत आले. मध्यमवयीन, दमलेले, पण समजूतदार. आधी उपचार करा, मग बघू, असं ठरलं. दवाखान्यामागं गुरांना पाणी पाजायचा हौद होता. तो घासून धुतला, एका टोकाला वाळू आणि दगड टाकले, आणि कासव माझ्याकडे राहायला आलं.

मी कासवावर कधी उपचार केले नव्हते. मुलीनं तिच्या कुणा ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून दिला आणि त्यांनी सांगितलं तसं मी करत गेले. चट्टे पुसायचे, औषध लावायचं, काही वेळ कोरड्या वाळूवर उन्हात ठेवायचं. पहिल्यांदा उन्हात ठेवलं तेव्हा तिनं मान आत घेतली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग हळूहळू मान बाहेर आली, मग पाय पसरले. शेळी दाखवायला आलेली माणसं शेळी विसरून हौदाशी उभी राहायची. हात जोडायची. एकानं हळद-कुंकू आणलं, ते मी लावू दिलं नाही. आमच्या लोकांचं मला तेव्हा नवल वाटलं आणि अजून वाटतं. देवापुढचं कासव म्हणून हात जोडतात आणि नदीतलं गेलं कुठं हे विचारत नाहीत. पण मीही विचारलं नव्हतंच, त्यामुळे त्या नवलाला फार धार नव्हती.

आठवड्याभरानं मावशी मुलाच्या मोटारसायकलवर बसून आल्या. फडक्यात भाकरी बांधून आणलेली. नेमक्या त्याच वेळी मुलगी हौदात जिवंत मासे सोडत होती. मावशींनी भाकरी कुस्करायला घेतली, पण तोवर पाणी ढवळलं. कासवाची मान बाणासारखी सुटली, मासा गेला. दुसरा गेला. वाळूत तोंड खुपसून तिनं तिसराही हुडकून काढला. इतकी चपळ मी तिला कधी पाहिली नव्हती. मावशी हातातली भाकरी तशीच धरून बघत राहिल्या.

"म्हंजी इतकी वरसं ती उपाशीच हुती व्हय?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, नाही मावशी. विहिरीत बेडूक असतात, किडे असतात, बारके मासे असतात. उपाशी असती तर एवढी वाढली नसती. हे खरं होतं. पण त्यांनी जे पाहिलं तेही खरंच होतं. त्यांनी भाकरी पुन्हा फडक्यात बांधली. मुलगी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही ठेवली म्हणून ही आज आहे. हिच्या बरोबरीची जी नदीत होती त्यातली बहुतेक गेली."

"व्हय," मावशी म्हणाल्या. "पन हिला लेकरू न्हाई झालं."

मी पुढे त्या वाक्याचा खूप विचार केला. एक जीव वाचवणं आणि एक जात वाचवणं या दोन गोष्टी मला तोवर एकच वाटत होत्या. दवाखान्यात मी रोज एकेक जीव वाचवते, आणि तेवढं पुरतं, कारण गाईंची जात कुठं जात नाही. इथं एक जीव चाळीसेक वर्षं सुखरूप राहिला आणि जात त्याच्या मागं ओसरत गेली. विहीर ही तिची राखणही होती आणि कोंडवाडाही. दोन्ही एकाच माणसाच्या मायेनं.

चट्टे बरे झाले. आता कुठं सोडायचं यावर बोलणं सुरू झालं. साहेबांनी मोठ्या धरणाचं नाव घेतलं. मुलगी म्हणाली तिथं जाळ्यांची गर्दी आहे. तिच्या मनात भोई बाईचा डोह होता. तिथं वरच्या अंगाला जुनं देऊळ असल्यानं लोक मासेमारी बेतानं करतात, काठाला थोडी वाळू शिल्लक आहे आणि जाळ्यात आलेलं ते एकटं तिथंच सोडलेलं आहे. साहेबांना पटलं. मावशींना विचारलं, तर त्यांनी डोहाचं नाव ऐकून पदर सावरला. त्यांचं बुडालेलं गाव त्याच्याच खालच्या अंगाला होतं.

आम्ही सकाळी निघालो. टेम्पोत मागे टबमध्ये कासव, त्यावर ओली पोती, शेजारी मुलगी. पुढे मी आणि मावशी, मागून साहेबांची जीप. वाटेत मावशी म्हणाल्या की भाऊ गेल्यापासून त्या इकडे आल्याच नव्हत्या. उन्हाळ्यामुळं धरणाचं पाणी खूप आत गेलं होतं. काठावरून पाहिलं तर मैलभर भेगाळलेला गाळ, आणि त्यात मध्येच दगडांचे चौकोन. मावशी टेम्पोतून उतरल्या आणि कुणाला काही न सांगता त्या चौकोनांच्या दिशेनं चालायला लागल्या. मी मुलीला थांबायला सांगितलं आणि त्यांच्यामागं गेले.

घरांची जोती होती ती. भिंती नव्हत्या, दारं नव्हती, नुसती जोती. शिंपल्यांनी भरलेली. मावशी एकेक ओलांडत होत्या आणि हे अमक्याचं, हे तमक्याचं असं पुटपुटत होत्या. एका जोत्यापाशी थांबल्या. उंबऱ्याचा दगड जागेवर होता. त्या त्याच्यावरून आत गेल्या, म्हणजे जिथं आत होतं तिथं, आणि खाली बसल्या. मी बाहेरच उभी राहिले. मला वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत. जमिनीवर हात फिरवला, गाळाचा पापुद्रा काढला, खालची फरशी दिसते का बघितलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, चला, ती वाट बघत आसंल.

भोई नवरा-बायको डोहावर आली होती. नवऱ्यानं सकाळीच गळाच्या दोऱ्या काढून काठावर गुंडाळून ठेवल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी टब उचलायला हात लावला. मुलीनं पाठीचे फोटो घेतले, पुन्हा कधी दिसली तर कातडीच्या खुणांवरून ओळखता यावी म्हणून. टब पाण्याच्या कडेला आडवा केला.

ती बाहेर आली आणि वाळूवर थांबली. पुढे पाणी होतं, तरी थांबली. नळीसारखं नाक वर करून वास घेत राहिली. एवढं मोठं पाणी तिनं पिल्लू असताना पाहिलं असेल, त्यातलं तिला काय आठवत असणार? मावशी तिच्या मागे वाकल्या. पाठीला हात लावला, आणि तो कपाळाला लावला. "जा बाई," म्हणाल्या.

तिनं दोन्ही पुढचे पाय वाळूत रोवले, अंग ढकललं आणि पाण्यात गेली. बशीसारखी तिरकी होऊन, खाली, आणि मग दिसेनाशी झाली. आम्ही बराच वेळ उभे होतो. दोन भोकं पुन्हा वर येतील म्हणून सगळ्यांची नजर पाण्यावर होती. ती आली नाहीत. किंवा आली असतील तर आमच्या नजरेच्या टप्प्यात आली नाहीत. मुलीनं डोळे पुसले आणि चष्म्याला धूळ लागली म्हणून सांगितलं.

विहीर खोल झाली. पाणी लागलं. मुलानं आईसाठी बाजारातून एक कठीण पाठीचं बारकं कासव आणायचं मनात आणलं, तेव्हा मावशींनी त्याला चांगलंच फटकारलं, असं त्यानंच मला हसत सांगितलं. मुलीचं काम संपत आलं होतं. ती गेली, पण फोन करायची. डोहावरून काही बातमी आहे का, असं पहिलं वाक्य असायचं. नसायची. पावसाळ्यात पूर आला, डोह गढूळ झाला. भोई बाईला मी बाजारात भेटायचे. ती मान हलवायची आणि मला न विचारता मासे निवडून द्यायची.

पुढच्या वर्षी थंडी सरता सरता भोई बाईचाच फोन आला. "म्याडम, वाळूत कायतरी गवसलंय. या."

मी गेले. देवळाच्या अंगाला वाळूचा जो पट्टा उरला होता तिथं एक खड्डा उकरलेला होता. कडेनं कुत्र्यांच्या पावलांच्या खुणा. आणि भोवताली पांढरी टरफलं पसरलेली. गोल, लिंबाएवढी, फुटलेली. मी एक तळहातावर घेतलं. आत अजून ओल होती. सगळी अंडी गेली होती, एकही धड उरलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी टरफलांचे, खड्ड्याचे फोटो काढून मुलीला पाठवले आणि फोन लावला. काय बोलावं हे मनात जुळवत होते.

तिनं फोटो पाहिले. मग तिचा आवाज आला, आणि त्यात दुःख नव्हतं. ती म्हणाली की नक्की सांगता येणार नाही, टरफलं तपासावी लागतील. पण आकार जुळतोय. आणि जुळत असेल तर ही आपल्या मावशींच्या कासवाचीच असतील असंही नाही, दुसऱ्या एखाद्या मादीची असतील. "ताई, म्हणजे तिथं मादी आहे. अंडी घालणारी मादी आहे. तुम्हाला कळतंय का?"

मला कळत होतं. कुत्र्यांनी फस्त केलेलं एक घरटं ही आनंदाची बातमी असू शकते, हे त्या वाळूवर उभं राहून पचवायला मात्र वेळ लागला. इतकं थोडं उरलं असेल तर माणूस असल्या गोष्टीवरही आनंदतो. मी मावशींना फोन करून सांगितलं. अंडी कुत्र्यांनी खाल्ली हेही सांगितलं. त्या म्हणाल्या की पुन्हा घालील. बाईमाणूस हाय.

भोई बाई ऐकत उभी होती. तिनं नवऱ्याला हाक मारली. दोघं बांधाकडे गेली आणि बोरीच्या वाळलेल्या फांद्या ओढत घेऊन आली, शेताला कुंपण करतात तशा. वाळूच्या पट्ट्याच्या वरच्या कडेनं, जिकडून कुत्री येतात तिकडून, ती फांद्या रचायला लागली. पाण्याच्या बाजूनं मोकळं ठेवलं. मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि फांद्या ओढू लागले. काटे हातात गेले. तिसरी-चौथी फांदी आणताना बाई म्हणाली, जरा उंच रचा, कुत्री उडी मारत्यात. मग आम्ही उंच रचलं.